मानसिक छळ न्यायालयात शाबीत करताना

मारहाणीची खूण अंगावर राहते. वर्षानुवर्षांच्या पाणउताऱ्याची राहत नाही. त्यामुळे जोडीदार ‘सतत घालूनपाडून बोलतो’ एवढेच घटस्फोटाच्या अर्जात लिहिले, तर ते वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. न्यायालयापुढे प्रसंग मांडावा लागतो: तो कोणत्या तारखेला, कुठे आणि कोणासमोर घडला, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले आणि त्यानंतर तुम्ही काय केले.

म्हणून पहिले काम नोंदवहीचे. प्रसंग घडला त्याच दिवशी तो जोडीदाराच्याच शब्दांत लिहून ठेवावा आणि स्वतः रागात काही बोललो असल्यास तेही लिहावे, कारण निव्वळ एकतर्फी वहीवर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. जुने प्रसंग आठवून लिहीत असाल, तर तसे स्पष्ट नमूद करा. मागच्या तारखा टाकून एका बैठकीत भरलेली वही समोरच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत देते.

मोबाइलवरील संदेशांचे निवडक स्क्रीनशॉट पुरेसे नसतात. आधीच्या-नंतरच्या मजकुरासह संपूर्ण संभाषण जपावे, मूळ फोन विकू नये, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राची तजवीज वकिलाकडून वेळीच करून घ्यावी. जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये स्पष्ट केले. तरीही ते अस्सल आणि अखंड आहे हे दाखवावेच लागते. जोडीदाराच्या खात्याचा पासवर्ड फोडण्याची मुभा मात्र त्यातून मिळत नाही.

साक्षीदार निवडताना, तुमच्याकडून नंतर ऐकलेल्या दहा नातेवाइकांपेक्षा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला एक शेजारी मोलाचा. झोप उडाल्यामुळे किंवा धास्तीमुळे उपचार घेत असाल, तर डॉक्टरांना खरे कारण सांगा, म्हणजे त्याची नोंद केसपेपरवर होईल. हे कागद दुधारी आहेत: तुमचीच मनःस्थिती ठीक नव्हती, असा युक्तिवाद त्यांच्याच आधारे होऊ शकतो, हे वकिलाशी आधीच बोलून घ्यावे.

घटस्फोटाच्या दाव्यात क्रूरता (मानसिक छळ कायद्यात याच नावाखाली येतो) संशयातीतपणे शाबीत करावी लागत नाही. दास्ताने खटल्यात 1975 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने संभाव्यतेचे पारडे, म्हणजे तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवणे, पुरेसे मानले. फौजदारी तक्रारीत मात्र संशयातीत पुरावा लागतो. समर घोष खटल्याच्या 2007 च्या निकालानुसार संसारातील नेहमीच्या कुरबुरी म्हणजे क्रूरता नव्हे आणि वैवाहिक आयुष्य समग्रपणे पाहिले जाते. त्यामुळे एकच भडक प्रसंग रंगवण्यापेक्षा वागणुकीतले सातत्य दाखवणे हिताचे ठरते.

मध्यंतरी समेट होऊन पुन्हा एकत्र राहिला असाल, तर ती बाब लपवू नका. जुना छळ माफ केला, असा बचाव समोरून येणारच. समेटानंतर छळ पुन्हा सुरू झाला असेल, तर त्या नंतरच्या तारखा अर्जात स्वतंत्रपणे द्याव्यात. स्त्रियांना 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा मार्गही खुला आहे. त्यात शाब्दिक व भावनिक छळाचा समावेश असून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने नोंदवलेला घटनेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांपुढे जातो.