क्रेडिट कार्डावर घेतलेल्या वस्तूचे संरक्षण: दोन कार्डांची तुलना कशी करावी

दसरा-दिवाळीच्या दिवसांत नाशिकच्या मेन रोडवर किंवा कॉलेज रोडवर टीव्ही, लॅपटॉप, फ्रिज अशी मोठी खरेदी करणारे पुष्कळ जण पैसे क्रेडिट कार्डाने भरतात, आणि त्यांतील काहींच्या कार्डाच्या माहितीपत्रकात ‘पर्चेस प्रोटेक्शन’ (खरेदी-संरक्षण) अशी एक ओळ असते. त्या ओळीत पन्नास हजार किंवा एक लाख असा आकडा ठळक छापलेला असतो, आणि दोन कार्डांपैकी एक निवडताना सहसा तेवढाच आकडा पाहिला जातो. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. कोणत्या घटनेत पैसे मिळणार, खरेदीनंतर किती दिवसांच्या आत ती घटना घडलेली असली पाहिजे आणि ती घडल्याचा पुरावा म्हणून कोणते कागद मागितले जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील तर एक लाखाचे संरक्षण पन्नास हजारांच्या संरक्षणापेक्षा कमी उपयोगाचे ठरू शकते.

आधी काही गल्लती दूर केलेल्या बऱ्या. कार्ड चोरीला जाऊन किंवा ओटीपी-माहिती फोडून कोणी परस्पर व्यवहार केला, तर तो प्रश्न खरेदी-संरक्षणाचा नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने चौकट घालून दिली आणि बँक व ग्राहक दोघांचीही चूक नसलेल्या प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे त्यात म्हटले. ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवून चार्जबॅक, म्हणजे भरलेल्या रकमेचा परतावा, मागायचा असतो. वस्तू आपसूक बिघडली तर वॉरंटी. खरेदी-संरक्षण यांपैकी कशातच मोडत नाही: नीट मिळालेली, नीट चालणारी वस्तू घरी आल्यावर ठरावीक मुदतीत आग, घरफोडी अशा विशिष्ट कारणाने गेली किंवा नष्ट झाली, तर भरपाई देणारा तो विमा आहे. इंटरनेटवर या विषयावर जे विपुल लेखन सापडते, त्यातले बरेचसे अमेरिकेतील कार्डांबद्दल असते. तेथील वाढीव वॉरंटी किंवा किंमत उतरल्यास फरक परत देण्याच्या सवलती आपल्या कार्डावरही असतील असे गृहीत धरू नये, कार्डावरचे व्हिसाचे किंवा मास्टरकार्डचे चिन्ह तेच असले तरीही.

कोणता कागद मिळवायचा

हा विमा बहुधा समूह-विमा असतो. पॉलिसी बँकेच्या नावावर असते, ती एखाद्या सर्वसाधारण विमा कंपनीने दिलेली असते आणि कार्डधारक हा त्या पॉलिसीखालचा एक लाभार्थी असतो. म्हणून माहितीपत्रकावर तुलना करणे व्यर्थ आहे. तुलना करायची ती पॉलिसीच्या मूळ मजकुराची. बँकेच्या संकेतस्थळावर कार्डाच्या अटींच्या पानाखाली तो कधी कधी मिळतो. न मिळाल्यास बँकेला ईमेल करून विमा कंपनीचे नाव, मूळ पॉलिसीचा क्रमांक, ती संपण्याची तारीख आणि अपवादांसह पूर्ण मजकूर मागावा. फोनवरील उत्तरावर भिस्त ठेवू नये, कारण दाव्याच्या वेळी फोनवरचे बोलणे कोणी ग्राह्य धरत नाही. संपण्याची तारीख मुद्दाम मागायची, कारण अशा पॉलिस्या ठरावीक मुदतीच्या असतात, नूतनीकरणात विमा कंपनी किंवा अटी बदलू शकतात, आणि संकेतस्थळावरचे पान मात्र जुनेच राहिलेले असू शकते. ज्या बँकेकडून हा मजकूर मागूनही मिळत नाही, त्या कार्डाचे संरक्षण तुलनेपुरते शून्य धरावे. हे थोडे कठोर वाटेल, पण जो कागद आज मिळत नाही तो घर फुटल्यावर मिळेल अशी आशा कशाच्या आधारावर ठेवायची?

एक वस्तू, एक घटना

मजकूर हाती आल्यावर तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्यापेक्षा एक काल्पनिक दावा घेऊन दोन्ही मजकुरांतून चालवून पाहावा. समजा, इंदिरानगरमधील एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाने ६२,००० रुपयांचा लॅपटॉप कार्डावर घेतला आणि चाळिसाव्या दिवशी तो घरातून चोरीला गेला. आता प्रत्येक मजकुराला एकेक प्रश्न विचारत जावे.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न चोरीच्या व्याख्येचा आहे. आपण बोलताना चोरी आणि घरफोडी यांत फारसा भेद करत नाही, विमा मात्र करतो. बऱ्याच पॉलिस्यांमध्ये भरपाई मिळते ती बळजबरीने, म्हणजे काहीतरी तोडून-फोडून आत शिरून किंवा बाहेर पडून केलेल्या चोरीसाठीच. वर्तमानपत्रात ‘कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी घरात प्रवेश केला’ असे जे वाक्य येते, ते विमा कंपनीला नेमके हवे असते. दार उघडे असताना कोणी लॅपटॉप उचलून नेला, घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने नेला, सीबीएसवर बसमध्ये चढताना बॅग गेली, किंवा पंचवटीत पर्वणीच्या गर्दीत मोबाइल गेला, तर अशा पॉलिसीत काहीही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात, पॉलिसीने घरफोडीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडली असेल तर बळाचा वापर न होता झालेली चोरी त्या पॉलिसीखाली येत नाही, हे स्पष्ट केले आहे.

यात एक बारकावा आहे. फौजदारी कायद्यातली घरफोडी विम्यातल्या घरफोडीपेक्षा व्यापक आहे. भारतीय न्याय संहितेतील व्याख्येनुसार गृह-अतिक्रमणासाठी, म्हणजे गैरहेतूने दुसऱ्याच्या घरात शिरण्यासाठी, कुलूप नुसते उघडणे हीदेखील घरफोडीच ठरते. म्हणजे बनावट किल्लीने दार उघडून केलेली चोरी पोलिसांच्या दृष्टीने घरफोडी आहे, पण दारावर ओरखडाही नसल्याने विमा कंपनी ती नाकारू शकते. तेव्हा मजकुरात ‘जबरदस्तीच्या प्रवेशाच्या दृश्य खुणा’ अशा अर्थाची अट आहे का, हे दोन्ही कार्डांसाठी शोधावे. एका कार्डात साधी चोरीही समाविष्ट असेल आणि दुसऱ्यात फक्त घरफोडी, तर बाकीचे आकडे काहीही असोत, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दिवसभर माणसांची ये-जा असणाऱ्या घराला पहिलेच कार्ड अधिक कामाचे.

आगीबाबत असाच एक प्रश्न पाण्याचा निघतो. काही पॉलिस्यांत फक्त आग आणि घरफोडी असते. काहींत ‘आग व संलग्न धोके’ अशी व्यापक शब्दयोजना असून तिच्या तपशिलात वादळ आणि पूर येतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या गोदाकाठच्या लोकांना हा फरक वेगळा सांगायला नको. सराफ बाजार-भांडी बाजाराच्या परिसरात तळमजल्यावर राहणाऱ्याने ‘पूर’ हा शब्द मजकुरात स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो समाविष्ट आहे असे मानू नये.

मग वस्तूंची यादी. दागिने, रोख रक्कम, नाशवंत माल आणि जुन्या वस्तू सामान्यतः वगळलेल्या असतात, त्यामुळे सराफ बाजारातील खरेदीसाठी या सोयीचा विचारच करू नये. मोबाइल फोन काही ठिकाणी वगळलेला असतो. येवल्याची पैठणी कार्डावर घेतली असेल तर कपडे समाविष्ट आहेत, की संरक्षण केवळ इलेक्ट्रॉनिक व गृहोपयोगी वस्तूंपुरते आहे, हे तपासावे.

दिवस कुठून मोजतात

मुदत ३० दिवस, ९० दिवस अशी असते, पण ती व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात की वस्तू ताब्यात आल्यापासून, यावर बरेच अवलंबून असते. ऑनलाइन मागवलेली वस्तू बाराव्या दिवशी आली आणि मुदत व्यवहारापासून ३० दिवसांची असेल, तर प्रत्यक्षात अठराच दिवस उरतात. आपल्या उदाहरणातला लॅपटॉप चाळिसाव्या दिवशी गेलेला आहे; म्हणजे ३० दिवसांचे कार्ड, त्याची रक्कम कितीही मोठी असो, येथेच बाद होते. याशिवाय घटनेपूर्वीच्या काही दिवसांत कार्डाचा किमान एकदा वापर झालेला असावा, अशी अट काही पॉलिस्यांत असते. पतीच्या खात्यावरील पत्नीच्या ॲड-ऑन कार्डाने केलेली खरेदी चालते का, निम्मी रक्कम रोख भरली असल्यास भरपाई पूर्ण किमतीवर की कार्डाने भरलेल्या भागावरच, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला तर ती ‘कार्डावरची खरेदी’ धरली जाते का, हे तीन प्रश्न बँकेला त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावेत.

आता रक्कम

दोन काल्पनिक कार्डे घेऊ आणि घटना विसाव्या दिवशी घडली असे धरू, म्हणजे दोन्ही मुदतीत बसतील. ‘अ’ कार्डावर वर्षाला १,००,००० रुपयांचे संरक्षण आहे, पण एका वस्तूसाठी कमाल मर्यादा २५,००० आहे. ‘ब’ कार्डावर वर्षाला ५०,०००, वस्तूनिहाय मर्यादा नाही, मात्र दहा टक्के भार ग्राहकाने सोसायचा आहे. ६२,००० रुपयांच्या लॅपटॉपसाठी ‘अ’ कार्ड जास्तीत जास्त २५,००० देईल. ‘ब’ कार्डाचे उत्तर दहा टक्के कशावर कापतात त्यावर ठरते: नुकसानीवर कापले तर ६,२०० वजा जाऊन ५५,८०० उरतात आणि मर्यादेमुळे ५०,००० मिळतात, मंजूर रकमेवर कापले तर ४५,०००. कोणत्याही प्रकारे, छापील आकडा निम्मा असलेले कार्ड जवळपास दुप्पट देते. घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमतही, कापतात का, हे याच ठिकाणी पाहून घ्यावे.

केवळ या सोयीसाठी अधिक शुल्काचे कार्ड घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. पाच हजारांच्या वार्षिक शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की ५,९०० रुपये होतात, आणि एवढे देऊन मिळते ते काही आठवड्यांपूर्वी घेतलेल्या वस्तूंचे संरक्षण. घरातल्या सर्व सामानाची काळजी असेल तर गृहविमा पाहावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग व पूर येतात. घरफोडी मात्र मूळ संरक्षणात नसते, ती वेगळी जोडून घ्यावी लागते. दोन्ही विमे असले तरी एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही, आणि दुसऱ्या विम्यातून आधी वसुली करावी अशी अट कार्डाच्या पॉलिसीत असल्यास कार्डावरचा लाभ केवळ उरलेल्या फरकापुरता राहतो.

दाव्याचे कागद

खरेदीच्या दिवशीच दुकानाचे कर-बिल, त्यावरील सीरियल क्रमांक आणि पुढे आलेले कार्डाचे स्टेटमेंट एकत्र ठेवावे. बिलावरील नाव आणि कार्डावरील नाव एकच असावे. दुकानदार ‘नाव काय टाकू?’ असे विचारतो तेव्हा घाईत मुलाचे नाव सांगितले जाते आणि पुढे त्यावरूनच पत्रव्यवहार वाढतो. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिचा फोटो काढून ठेवावा.

घरफोडी झाल्यास काहीही आवरण्यापूर्वी तुटलेल्या कोयंड्याचे, वाकलेल्या ग्रिलचे फोटो घ्यावेत आणि हद्दीतील पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. फिर्यादीत आत शिरण्याची पद्धत आणि गेलेल्या वस्तूचे मॉडेल व सीरियल क्रमांक लिहिले गेले आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. घटना तोडफोडीची असूनही फक्त भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३, म्हणजे साधी चोरी, नोंदले गेले आणि ३०५ व ३३१ ही घरातील चोरीची व घरफोडीची कलमे राहिली, तर विमा कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. घटनास्थळाचा पंचनामाही मागून ठेवावा. आगीच्या बाबतीत महापालिकेच्या अग्निशमन दलाचा दाखला लागतो. नाशिकमध्ये दलाचे मुख्यालय शिंगाडा तलाव येथे आहे.

विमा कंपनीला कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती फार लहान असू शकते, म्हणून पोलीस ठाण्यातून आल्यावर त्याच दिवशी बँक आणि विमा कंपनी या दोघांनाही ईमेल करावा. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी; तीही फेटाळली गेली किंवा कंपनीने तिला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नसते, वकील लागत नाही, समूह-विम्याच्या तक्रारीही घेतल्या जातात, पण नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. बँकेने कागद पुढे पाठवले नाहीत किंवा बंद झालेली सोय चालू असल्याचे सांगून कार्ड दिले, असा दोष बँकेचा असेल, तर वाट वेगळी: प्रथम बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. दोष नेमका कोणाचा हे ठरत नसेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे बँक आणि विमा कंपनी या दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करता येते.