माणदेशात हवामानाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

‘साताऱ्यात आज मुसळधार’ अशी बातमी आली की जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण-खटाव तालुक्यांत फवारणी थांबते, काढलेला कांदा झाकायची धावपळ होते आणि संध्याकाळपर्यंत थेंबही पडत नाही. मग वेधशाळेला बोल लावला जातो. बऱ्याचदा अंदाज चुकलेला नसतो, तो आपल्या गावाचा नसतो.

जिल्ह्याचा अंदाज गावाला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे जेमतेम पाचशे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच बरसतात. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. म्हणूनच हवामान विभाग साताऱ्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो. ऑरेंज अलर्ट दिसला की तो घाटाचा आहे की सगळ्या जिल्ह्याचा, हे आधी बघा. आपला खरा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो. तेव्हा दुपारनंतरच्या ‘विजांसह पाऊस’ या इशाऱ्याला जुलैतल्या घाटाच्या इशाऱ्यापेक्षा जास्त किंमत द्या.

अंदाजातले शब्द नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. बाकीची कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागाच्या वर. ‘जोरदार’ हा शब्दही मोघम नाही: 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच विभाग त्याला जोरदार म्हणतो.

‘पुढचे 48 तास धोक्याचे’ असा तारीख नसलेला मेसेज पुढे पाठवू नका. तो मागच्या वर्षीचाही असू शकतो.

पेरणीचं म्हणाल, तर ‘यंदा देशात सरासरीपेक्षा जास्त पाऊस’ या बातमीवर बाजरीची मूठ धरू नका. तो आकडा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि सगळ्या देशाचा असतो. वळवाच्या एखाद्या सरीवर पेरून दुबार पेरणीचं बियाणं विकत घ्यायची वेळ कुणावर येऊ नये, असं मनापासून वाटतं. आपल्या शिवारात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय थांबाच. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा, आणि ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका.

महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरचा पावसाचा आकडा आपल्या रानाशी जुळत नाही, ही नेहमीची तक्रार. ती रास्त आहे, कारण वळवाची सर एका शिवाराला झोडपते आणि शेजारचं कोरडं सोडते. यावर उपाय म्हणजे गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, मोकळ्यावर बसवा. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. मोजणी रोज सकाळी साडेआठलाच करा. वेधशाळेचा दिवस साडेआठला बदलतो, त्यामुळे दुपारी भांडं रिकामं केलं तर तिच्या आकड्यांशी ताळा लागणार नाही.