तबकडी पार्टीकडे न्यायच्या आधी

परवा कुपवाडहून दुसरी तबकडी निघणार, म्हणजे स्टेपर मोटरवर फिरून बाटल्या एकेक करून हळद भरायच्या नोझलखाली आणणारी, म्हणून आजच लिहून ठेवतोय. पहिल्या वेळी सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या गाळ्यात हळद बाटलीत पडायची ती फरशीवर पडली. चूक माझीच होती.

वायरिंग, अर्थिंग हे सांगायला नको. पण ड्रायव्हर (मोटरला करंट सोडणारा बोर्ड) चालू असताना मोटरची वायर उपसू नका, ड्रायव्हर जागीच जातो. करंट मोटरच्या पाटीवर आहे तेवढाच लावा. मायक्रोस्टेपचे, म्हणजे एका स्टेपचे किती तुकडे पाडायचे ते ठरवणारे, ड्रायव्हरवरचे डिप स्विच स्वतः बघा, पोराला विचारून भागवू नका. मोटर १.८ अंशाची, म्हणजे फेरीला २०० स्टेप, १६ च्या सेटिंगला ३२०० पल्स, एका पल्सला एक तुकडा. प्रोग्रॅममध्ये १६ आणि ड्रायव्हरवर ८ राहिलं तर तबकडी दुप्पट फिरते.

आता वेग. मोटरचा आपला वरचा वेग सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे ६४०० पल्स, दोन पल्समध्ये १५६.२५ मायक्रोसेकंद. प्रोग्रॅममध्ये डिले टाकून हे साधायला जाऊ नका. १५६ धरले तर वेग जास्त, १५७ धरले तर कमी, आणि मध्येच डिस्प्लेवर आकडा लिहायला गेलं की पल्स उशिरा निघते आणि मोटर खरखरते. पल्स चिपच्या टायमरमधूनच काढा. त्याला डिस्प्लेचं काही देणंघेणं नसतं.

सुरू होतानाचा रॅम्प, म्हणजे वेग हळूहळू चढवणं, सगळेच लावतात. थांबतानाचा, वेग हळूहळू उतरवणारा रॅम्प बघा. मी तो सुरुवातीच्या निम्म्या वेळाचा ठेवला होता, कारण टेबलावर रिकामी तबकडी सुरेख थांबत होती. गाळ्यात अर्ध्या-अर्ध्या किलोच्या आठ बाटल्या भरल्यावर तिचं वजन पुढे ढकलत राहिलं आणि मोटर घसरली, म्हणजे पल्सप्रमाणे न थांबता पुढे गेली. स्टेपरला मागे कळवणारं काही नसतं. कंट्रोलर पल्स मोजतो, त्याच्या हिशेबाने बाटली नोझलखालीच असते.

घसरण ओळखायची खूण आहे. रोटरला ५० दात, त्यामुळे सुटलेला रोटर पुढच्या दातावर जाऊन अडकतो, म्हणजे ७.२ अंश. आपली पुली चारास एक, मोटरच्या चार फेऱ्यांना तबकडीची एक, म्हणून तबकडीवर १.८ अंश. मध्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवलेली बाटली साधारण ९ मिलिमीटर सरकते. फरक दर वेळी ९ नाहीतर १८ मिलिमीटरचाच येत असेल तर होम सेन्सर (तबकडीची मूळ जागा सांगणारा) उचकटू नका. मी दोन तास उचकटला. थांबायचा रॅम्प वाढवा.

आणि हे भरलेल्या बाटल्यांनिशी बघा. हळद नसेल तर वाळू भरा, पण आठही भरा. चार भरून चालणार नाही, रिकाम्या तर नाहीच. पार्टी वेग वाढवायला सांगेल. तेव्हाही आधी थांबायचा रॅम्प तपासा, मगच वेगाला हात लावा.

वेग वाढवायचा असेल तर सप्लाय १२ व्होल्टचा नको, २४ किंवा ड्रायव्हर झेपत असेल तर ३६. वेगात कॉइलमध्ये करंट चढायला वेळच मिळत नाही, म्हणून जोर कमी पडतो. सेकंदाला अर्धी ते एक फेरी या वेगाला मोटर थरथरली तर तिथे रेंगाळू नका, रॅम्पमध्ये तेवढा भाग झटकन ओलांडा.

पुली शाफ्टला आवळणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर. बेल्टचा ताण. होम सेन्सर दर फेरीला वाचायचा, सकाळी एकदाच नव्हे.

सोबत एक ड्रायव्हर, एक बेल्ट, अ‍ॅलन की, मीटर. आणि गाळ्यात गेल्यावर पार्टीचीच हळद, पार्टीच्याच बाटल्या, आठही भरून शंभर वेळा थांबवून बघायचं. त्याआधी चहासुद्धा घ्यायचा नाही.