हिमालयात बर्फ, आपल्याकडे गारा: फाल्गुन-चैत्रातले अंदाज कसे वाचावेत आणि शेतात काय करावे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

होळीच्या आगेमागे गुलमर्ग, मनाली, रोहतांगच्या बर्फाच्या बातम्या यायला लागतात आणि आपण त्या सहलीला जाणाऱ्यांच्या कामाच्या समजून पुढे जातो. यंदा त्या नीट ऐका. ज्या हवामान प्रणालीने तिकडे बर्फ पडतो, तिचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला की विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि नाशिक-नगरच्या पट्ट्यात गारा पडतात. पावसाळ्याबाहेरच्या या संकटाची सर्वांत आधी मिळणारी खूण म्हणजे हिमालयातल्या बर्फवृष्टीचा अंदाज. तो तीन-चार दिवस आधी कळतो. काढणीला आलेल्या पिकासाठी एवढे दिवस पुष्कळ आहेत.

या प्रणालीला पश्चिमी झंझावात म्हणतात. हिंदी बातम्यांत तिलाच पश्चिमी विक्षोभ म्हटलेले ऐकू येईल. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरात तयार होऊन ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर येते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात आणि बहुतेक वरच्या वर निघून जातात. आपल्याला त्रास होतो तो दोन गोष्टी जुळल्या तर. पहिली, झंझावाताच्या वरच्या थरातली थंड, कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेशापर्यंत खाली उतरणे. दुसरी, त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प येणे. खाली तापलेली दमट हवा आणि वर गार हवा अशी स्थिती झाली की दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी मे-जूनपेक्षा जमिनीला जवळ असते. त्यामुळे ढगातली गार वितळायच्या आत शिवारात येऊन पडते.

2014 सालचा फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा आठवा. एक दिवस गारा पडून थांबल्या नाहीत, त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, संत्रा, काहीच सुटले नाही. त्या वर्षीपासून माझे ठाम मत आहे की रब्बीच्या शेवटच्या दोन महिन्यांत शेतकऱ्याने फक्त आपल्या जिल्ह्याचा अंदाज पाहून भागत नाही, उत्तरेकडेही लक्ष ठेवावे लागते.

अंदाज वाचताना

हवामान खात्याच्या पत्रकात नुसते “जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडमध्ये हलकी ते मध्यम हिमवृष्टी” एवढेच असेल, तर आपली कामे चालू ठेवा. त्याच पत्रकात पंजाब, हरियाणा, राजस्थानात गडगडाटी पाऊस आणि पाठोपाठ पश्चिम मध्य प्रदेशात गारपीट असे शब्द आले की सावध व्हा. पुढे विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटक, तमिळनाडू किंवा केरळपर्यंत हवेचा कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्याची खंडितता (वाऱ्याची दिशा एकदम बदलणारा पट्टा) असल्याचा उल्लेख आला, तर बाष्पाची सोय झाली असे समजा आणि ताडपत्र्या बाहेर काढा.

विदर्भासाठी नागपूर केंद्राचे आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी मुंबई केंद्राचे जिल्हावार इशारे रोज निघतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. कृषी विद्यापीठांतील ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मेघदूत ॲपवर ती मराठीत वाचता येतात. ढग उभा राहिल्यावर पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा मोबाईलवर पाहायचा, आणि विजेसाठी दामिनी ॲप.

“एक-दोन ठिकाणी गारपीट” हे शब्द वाचून गारा आपल्या गावात पडल्या नाहीत की लोक अंदाज खोटा ठरवतात. गारपिटीचा पट्टा बहुधा काही किलोमीटर रुंदीचाच असतो. शेजारचे शिवार झोडपून निघते आणि आपल्याकडे धूळही बसत नाही. तो नेमका कोणत्या गावावरून जाईल हे तीन दिवस आधी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून इशारा जिल्ह्याला असला तरी तयारी प्रत्येकाने करायची. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारीख नसलेल्या नकाशांवर मात्र एकही निर्णय घेऊ नका. मागच्या वर्षीची चित्रे दर वर्षी नव्याने फिरतात.

झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे गार वारे खाली येतात. निफाडचा पारा घसरल्याची बातमी बहुधा त्यानंतरच येते. हंगाम लवकरचा असेल तर या थंडीने द्राक्षात साखर भरण्याचा वेग मंदावतो, पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची, तक्रार वाढते आणि फार थंडीत मणीही तडकतात. शिवाय उत्तरेत गारठा असेपर्यंत तिकडच्या बाजारात द्राक्षाला उठाव नसतो. बागाईतदाराने बर्फाची बातमी भावासाठीही पाहावी.

तीन-चार दिवस हातात असताना

कांद्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण नुकसान गारांइतकेच घाईनेही होते. इशारा आला की लोक हिरव्या मानेचा कांदा उपटू लागतात. असा कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. निम्म्याहून अधिक माना पडलेल्या असतील तेवढेच वाफे काढा. बाकीचे उभे राहू द्या, त्यांचे पाणी बंद ठेवा आणि वाफ्यातून पाणी निघून जाईल अशी चर काढा. एरवी काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवतात, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल असा. पावसाच्या इशाऱ्यात तेवढी सवड मिळत नाही. तेव्हा पातीसकट कांदा उचलून उंचवट्यावर किंवा शेडमध्ये पातळ थरात पसरा. पात नंतर पिळून तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून कापता येते. ढिगावर ताडपत्री टाकावी लागली तर पाऊस थांबताच ती काढा. दिवसभर झाकून ठेवलेल्या ढिगात वाफ धरते आणि कांदा पावसाने नाही इतका त्या वाफेने सडतो. भिजलेला कांदा कितीही सुकलेला दिसला तरी चाळीत भरू नका. तो वेगळा ठेवून आधी विका.

बियाण्यासाठी कांदा लावलेल्यांनी गोंड्यांकडे रोज पाहावे. वाऱ्याने दांडे मोडले की वर्षाचे बियाणे गेले. बांबू आणि सुतळीचा आधार आधीच द्या.

गव्हाला आणि रब्बी ज्वारीला इशारा असताना पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि वारा आला की पीक लोळते. पिकलेला गहू कापून लगेच मळता येत असेल तरच कापा. कापून पेंढ्या शेतात पसरून ठेवण्यापेक्षा तो उभा असलेला बरा. हरभरा, करडई काढली असेल तर गंजी उंचवट्यावर, खाली लाकडे किंवा कडबा घालून लावा आणि वरची ताडपत्री दोरीने पक्की बांधा. नुसते दगड ठेवलेली ताडपत्री वावटळीत टिकत नाही. ज्वारीचा कडबा विसरू नका. भिजून काळा पडलेला, बुरशी धरलेला कडबा जनावरांना घालण्याजोगा राहत नाही आणि उन्हाळा पुढे आहे.

हळदीच्या हिंगोली, वसमत, नांदेड, सांगली पट्ट्यात हा काळ शिजवणीचा असतो. इशारा असेल तर शिजवणी पुढे ढकला, आणि शक्य असेल तर काढणीच थांबवा, कारण काढलेली हळद न शिजवता फार दिवस ठेवता येत नाही. जमिनीतली हळद सुरक्षित असते. आधीच शिजवून वाळत घातलेली हळद दुपारी चारच्या आत गोळा करा. ती भिजली की रंग उतरतो, बुरशी येते आणि पॉलिशला चकाकी येत नाही.

द्राक्षात गोडी उतरलेले घड आधी काढा, पण ओले घड काढू नका. ते बागेतच सुकू द्या. पावसाच्या भीतीने ठिबक पूर्ण तोडणे चुकीचे आहे. जमीन पार कोरडी असताना एकदम पाणी मिळाले तर मणी जास्त तडकतात. थोडे, नियमित पाणी चालू ठेवा आणि दोन ओळींतले साचलेले पाणी काढून देण्याची वाट करा. काढणी जवळ आलेल्या बागेत कोणतीही फवारणी करण्याआधी त्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) पाहा. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीबाहेरचे काहीही फवारू नका. भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांच्या भीतीने मारलेली एक फवारणी अख्खा कंटेनर नाकारायला पुरेशी ठरते.

तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पंढरपूर, सांगोला भागात बेदाण्याच्या शेडवाल्यांनी इशारा आल्यापासून नवे घड डिपिंगला (वाळवण्याआधी द्रावणात बुडवायला) घेणे थांबवावे. रॅकवरचा ओला माल दमट हवेत वाळत नाही, काळा पडतो आणि हिरव्या बेदाण्याचा भाव हातातून जातो. शेडचे पडदे पावसाच्या दिशेने सोडा, पाऊस थांबताच उघडा आणि वारा खेळू द्या.

कोकणात गारा क्वचितच पडतात, पण याच प्रणालीचे ढग आणि दमटपणा आंब्यावर तुडतुडे, भुरी आणि करपा आणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करा आणि पाऊस येणार असेल तर ती त्याच्या आधी उगाच वाया घालवू नका. तयार झालेला आंबा उतरवून घ्या.

वीज

पीक पुढच्या हंगामात पुन्हा येईल, गेलेला माणूस येणार नाही, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. मार्चपासून विदर्भ-मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावण्याचे प्रकार वाढतात, आणि त्यांतले बरेच जण ताडपत्री टाकायला किंवा झाडाखाली आडोशाला गेलेले असतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला तर ढग अंगावर आला आहे. काम सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली, विहिरीच्या मोटारीजवळ, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहू नका. जवळ घर नसेल तर पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच शेतात परता. जनावरे झाडाला बांधलेली असतील तर ती ढग दिसताच आधी सोडा. मेंढपाळ बांधवांना गावाने आपणहून गोठा, मंदिराची ओसरी, शाळेचा व्हरांडा मोकळा करून द्यावा. माळावर बसलेल्या कळपाला गारांपासून कसलाच आडोसा नसतो.

गारा पडून गेल्यावर

काहीही साफ करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. मग साचलेले पाणी बाहेर काढा. संत्रा, मोसंबी, डाळिंबाच्या मोडलेल्या फांद्या धारदार कात्रीने कापून जखमांवर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. साल फाटलेल्या खोडावरही तीच. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम या प्रमाणात फवारा. आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फुले झाडावर असतील तर मात्र विद्यापीठाचा किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेचा सल्ला घेऊनच. डाळिंबात फुटलेली फळे बागेत राहू देऊ नका. गारांच्या जखमेतून तेल्या रोग शिरतो. पानांची चाळण झालेल्या पण वाढीच्या अवस्थेतल्या कांद्याला किंवा भाजीपाल्याला 19:19:19 या विद्राव्य खताची एक टक्का फवारणी पुरते.

गारपिटीनंतर गावात महागडी टॉनिके घेऊन फिरणारे पोहोचतात. चार दिवस थांबा. नवी फूट दिसते का ते पाहा, मगच खर्च करा. गळून गेलेला मोहोर कोणत्याही बाटलीने परत येत नाही.

भरपाईचे नियम बदलले आहेत, ते समजून घ्या. खरीप 2025 पासून राज्याच्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई राहिलेली नाही. ती पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर, ठरते. म्हणून गहू, हरभरा, कांद्यासाठी सरकारी पंचनामा हाच मोठा आधार. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर आपत्ती निधीतून मदत मिळू शकते. फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर 72 तासांच्या आत नुकसान कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याबरोबर स्वतः शेतात जा. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत जे पीक नोंदलेले असेल त्याचाच पंचनामा होतो, त्यामुळे नोंद झाली आहे का ते आजच तपासा. ठोक्याने किंवा बटईने जमीन करणाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर नसते आणि मदत मालकाच्या खात्यात जाते. नुकसान झाले तर ती रक्कम कोणाला, किती, हे मालकाशी आत्ताच बोला आणि दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहून घ्या.