अभियंत्यांच्या सभेत पाहुणे वक्ते म्हणून बोलायचंय? तयारी अशी करा

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन जवळ आला की इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या स्थानिक केंद्रांमध्ये व्याख्यानांची जुळवाजुळव सुरू होते. आमंत्रण आल्यावर आधी मानद सचिवांकडून माहिती घ्या. श्रोते कोण आहेत: सल्लागार, ठेकेदार, बांधकाम खात्यातले अभियंते की विद्यार्थी? दिलेल्या वेळेत प्रश्नोत्तरं धरली आहेत का? सभागृहात प्रोजेक्टर आहे की एलईडी पडदा? एलईडीवर लेझर पॉइंटरचा ठिपका जवळपास दिसत नाही. त्यामुळे बाण आणि वर्तुळं स्लाइडवरच काढून न्यावी लागतात.

विषय अरुंद घ्या. ‘काँक्रीट इमारतींची दुरुस्ती’ पाऊण तासात मावत नाही, आणि त्यातलं बरंचसं श्रोत्यांनी वाचलेलं असतं. त्याऐवजी ‘पार्किंगमधल्या कॉलमना नुसतं पॅचिंग न करता जॅकेटिंग का केलं’ हे सांगा (पॅचिंग म्हणजे फक्त खराब झालेला भाग भरणं, जॅकेटिंग म्हणजे कॉलमभोवती सळ्या आणि काँक्रीटचं नवं आवरण चढवणं). म्हणजे एकच निर्णय, त्यामागची मोजमापं, बाद केलेले पर्याय आणि काम झाल्यानंतरची स्थिती. बाद केलेल्या पर्यायांना चांगली दहा मिनिटं द्या, कारण अनुभवी अभियंता मुख्यतः तेच ऐकायला येतो. कंपनीची माहिती आणि रसायनांची जाहिरात पूर्ण गाळा.

खरी कसोटी आकड्यांची असते. रिबाउंड हॅमरवरून (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणावरून) काढलेली ताकद २५ टक्क्यांपर्यंत कमीजास्त असू शकते, हे भारतीय मानकातच नमूद आहे. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने, कडक झालेला असतो, म्हणून हॅमर आतल्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. नुसते हॅमरचे आकडे दाखवलेत तर ‘कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले नमुने) काढले होते का?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. म्हणून प्रत्येक कॉलमचं कव्हर (सळीवरच्या काँक्रीटची जाडी), फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रावणाने मोजलेली कार्बोनेशनची खोली आणि कोअरची ताकद एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी ठेवा. कव्हर २५ मिमी आणि कार्बोनेशन ३० मिमी असं दिसलं, म्हणजे ते सळीपर्यंत पोचलंय हे कळलं, की पुढचं फारसं समजवावं लागत नाही. हाफ-सेलचे (सळीचं विद्युत विभव मोजून गंजाची शक्यता सांगणाऱ्या चाचणीचे) आकडे देताना कोणता इलेक्ट्रोड वापरला ते लिहा. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचं वाचन म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. गंजण्याचा वेग त्यातून कळत नाही, आणि इथेच बरेच वक्ते अडकतात.

०.३ मिमीचा तडा लांबून काढलेल्या फोटोत दिसत नाही. तडा मोजायची पट्टी शेजारी धरून एक फोटो जवळून काढा, आणि जागा कळण्यासाठी दुसरा लांबून. मालकाची लेखी परवानगी घ्या. नावाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर झाका.

३५ मिनिटांच्या बोलण्याला वीसएक स्लाइड पुरतात, अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. ऑटोकॅडचं अख्खं ड्रॉइंग चिकटवू नका. हवा तेवढाच भाग पांढऱ्यावर काळ्या, जाड रेषांत घ्या, कारण पिवळ्या रेषा प्रोजेक्टरवर उडून जातात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुना फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर नसेल तर शीर्षकांच्या जागी अगम्य चिन्हं उमटतात. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा, मनातल्या मनात वाचून वेळेचा अंदाज चुकतो. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविकात वेळ जातोच. त्यामुळे पाच-सहा स्लाइड ‘वेळ असेल तरच’ म्हणून आधीच ठरवून ठेवा, आणि त्यात कव्हर-कार्बोनेशनचा तो तक्ता नको. स्वतःचा परिचय शंभर शब्दांत लिहून सूत्रसंचालकांना आदल्या दिवशी पाठवा.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी मोबाइलवर आपल्या सोसायटीच्या बीमचा फोटो दाखवून उपाय विचारतंच. फोटोवरून उपाय सांगू नका. कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात तेवढं सांगा आणि प्रत्यक्ष पाहणी सुचवा.