गोव्यातल्या घरात होम थिएटर: आधी भिंत, मग वीज, शेवटी यंत्रं

गोव्यात होम थिएटरची खोली करायची तर पहिला खर्च भिंतीवर करा, प्रोजेक्टर नंतर. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि झोडपतो तो नैर्ऋत्येकडून. म्हणून कुठली खोली घ्यायची हे ठरवताना आधी दिशा बघा. पश्चिमेला किंवा दक्षिणेला बाहेरची भिंत असलेली खोली मोठी असली तरी दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पूर्वेकडची किंवा घराच्या मध्यावरची खोली थोडी लहान असली तरी चालेल. कौलारू छपराखालची खोली टाळाच. कौलांच्या फटींतून आतला आवाज बाहेर जातो, पावसाचा आत येतो आणि मोठ्या सरीत संवाद कळत नाहीत. स्लॅबखालची खोली बरी. मात्र स्लॅबवर पावसाळी पत्रे घातले असतील तर भर पावसात दार लावून आत दहा मिनिटं बसा आणि किती ऐकू येतं ते बघा.

भिंतीतली ओल नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा आहे आणि त्याचा बंदोबस्त सोपा आहे. पाणी भिंतीतून येत असेल तर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा, खिडकीवरचा छज्जा, पागोळ्यांचं पाणी पायाशी साचणं हे सगळं दुरुस्त होईपर्यंत आत काहीही करू नका. आतून वॉटरप्रूफ रंग मारल्याने ओल अडत नाही. ती रंगाच्या मागे साठते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे पडतात. एकूण वेळापत्रक असं धरा: पावसाळ्यात तपासणी, दिवाळीनंतर गवंडीकाम, गिलावा पूर्ण सुकल्यावर वायरिंग आणि सुतारकाम, मेच्या मध्यापर्यंत सगळं काम पूर्ण. जूनमध्ये लावलेला रंग आणि पीओपी नीट सुकत नाही, घाई केली तरी नाही.

मापाचं गणित छोटं आहे, पण ते चुकलं तर नंतर दुरुस्त करता येत नाही. खोलीत ज्या सुरांना घुमारा येतो ते तिच्या लांबी-रुंदी-उंचीवर ठरतात: ३४३ ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) मीटरमधल्या मापाच्या दुपटीने भागा, म्हणजे त्या दिशेचा सर्वांत खालचा सूर हर्ट्झमध्ये मिळतो. १८ बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घेतली तर सुमारे ३१, ४७ आणि ५६ हर्ट्झ येतात. तिन्ही वेगळे आहेत, म्हणून चांगलं. १२ बाय १२ बाय १२ च्या चौकोनी खोलीत तिन्ही ४७ वरच पडतात. मग तो एकच सूर कानठळ्या बसवतो आणि शेजारचे सूर हरवतात. एक माप दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असणंही वाईट, उदाहरणार्थ १८ फूट लांबी आणि ९ फूट उंची. अशा खोलीत मागे एक उथळ कपाट काढून लांबी बदलून घेता येते.

पुढचे आकडे याच १८ बाय १२ च्या खोलीचे आहेत. कान मागच्या भिंतीपासून सात फुटांवर, म्हणजे पडद्यापासून अकरा फुटांवर येतील असं बसा. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर लांबीचा मूळ सूर गायब होतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं तर बास, म्हणजे खालचे सूर, फुगतो. पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसणं सोयीचं. अकरा फुटांना हे ८२ ते ११० इंचांत बसतं, म्हणून १०० इंची पडदा घ्या. तो ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असतो. १२ फुटी भिंतीवर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट जागा स्पीकरला उरते. १२० इंची घेतला तर बाजूला जेमतेम दीड फूट उरतो, स्पीकर कोपऱ्यात कोंबले जातात आणि संवादांना पोकळपणा येतो. तरीही मनाशी पक्कं होत नसेल तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) वेळी एकाच सभागृहात पुढच्या, मधल्या आणि मागच्या रांगेत बसून बघा. मधली रांग आवडणाऱ्याने १.२ पटीच्या जवळ राहावं, मागची आवडणाऱ्याने १.६ च्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण २६ इंचांवर ठेवा, म्हणजे खाली मधला स्पीकर मावतो आणि मानही वर करावी लागत नाही.

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो बघायचा: प्रोजेक्टर ते पडदा हे अंतर भागिले पडद्याची रुंदी. १.५ असेल तर अंतर जवळपास अकरा फूट येतं, म्हणजे यंत्र नेमकं डोक्यावर आणि पंख्याचा आवाज कानात. झूमने हा रेशो २ पर्यंत नेणारं यंत्र साडेचौदा फुटांवर, तुमच्या मागे टांगता येतं. भिंग वर-खाली सरकवायची सोय, म्हणजे लेन्स शिफ्ट, असलेलंच घ्या. डिजिटल कीस्टोनने, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र यंत्रातच सरळ करून घेतल्याने, चित्र सरळ दिसतं, पण पिक्सेल वाया जाऊन बारकावा कमी होतो. ल्युमेन्सच्या (प्रकाशाच्या मापाच्या) मोठ्या आकड्यांना भुलू नका: पूर्ण काळोखात १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्याला प्रत्यक्षात पाचशेच्या आसपास ल्युमेन्स पुरतात. काळोख मात्र खरा हवा. छत आणि पडद्याजवळच्या भिंती गडद, बिनचकाकीच्या रंगाच्या करा. पांढरं छत पडद्यावरचा प्रकाश परत पडद्यावर टाकतं आणि काळा रंग राखाडी दिसतो. खोली गडद करायला घरच्यांची तयारी नसेल तर मोठा टीव्ही घेतलेला कितीतरी चांगला.

आता वीज. इथे बरीच यंत्रं विजेमुळेच जळतात, म्हणून या कामाला वेळ द्या. थिएटरच्या खोलीला मुख्य पेटीपासून स्वतंत्र लाईन ओढा: यंत्रांसाठी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), एसीसाठी ४ चौरस मिमी आणि २० अँपिअर. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) आणि टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. पण अर्थिंग कच्चं असेल तर सर्ज प्रोटेक्टरचा उपयोग नाही, कारण जादा दाब (व्होल्टेज) त्याने जमिनीतच सोडायचा असतो. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. नेमका वळवाच्या विजांचा काळही तोच. म्हणून वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन मेमध्येच बोलवा. ५ ओहमच्या खाली आकडा आला तर ठीक, नाहीतर दुसरा खड्डा खणून दोन्ही जोडा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाबही मल्टिमीटरने बघा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे.

आकाशातली वीज वरून पडते तशी तारांतूनही येते. छतावरच्या डिशची आणि केबलची तांब्याची तार हा तिचा आवडता रस्ता. गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत ही तारही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर अॅम्प्लिफायरला त्यावर घेऊ नका, स्पीकरमधून सतत गुणगुण येते. दिव्याच्या प्रोजेक्टरला मात्र १ केव्हीएचा यूपीएस हवाच, कारण लाईट अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच कोंडला जातो.

भिंती बंद करण्याआधी नळ्या टाका. पडद्यापासून प्रोजेक्टरपर्यंत ५० मिमीची पीव्हीसी नळी, काटकोनी वळण न देता, आत नायलॉनची दोरी सोडून. एचडीएमआयचं टोक बारीक नळीतून जात नाही आणि केबल आज ना उद्या बदलावी लागतेच. पाच मीटरच्या पुढे फोर-केसाठी ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. उलटी घातली तर चित्र येत नाही आणि माणूस दिवसभर यंत्राला दोष देत बसतो, म्हणून ओढण्याआधी जमिनीवर जोडून तपासा. स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची, २० फुटांपर्यंत १.५ आणि पुढे २.५ चौरस मिमी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर खाऱ्या हवेत टोकांना गंजते. सगळ्या नळ्यांची तोंडं शेवटी सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या, पाली आणि उंदीर तोच मार्ग वापरतात. आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा.

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. दगड सच्छिद्र असतो, धक्क्याने भोक मोठं होतं आणि छोटा रावळप्लग काही दिवसांत फिरू लागतो. जड स्पीकरसाठी चार इंची फास्टनर नाहीतर केमिकल अँकर वापरा. लाकूडकामाला आयएस ७१० चं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही सील करून वाळवीचं औषध लावून घ्या. एमडीएफ ओलीने फुगतं.

आवाज सुधारणं आणि आवाज अडवणं ही दोन निराळी कामं आहेत. सुधारण्यासाठी ४८ घनतेची (किलो प्रति घनमीटर) दोन इंची ग्लासवूल किंवा रॉकवूलची पॅनेलं, दोन बाय चार फुटांची, पॉलिएस्टर कापडात गुंडाळून लावा. सुती कापडाला बुरशी लवकर धरते. पॅनेल भिंतीला न चिकटवता दोन इंच पुढे टांगा: मागून हवा खेळते आणि खालचे सूरही जास्त शोषले जातात. जागा शोधायला एकाने खुर्चीवर बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवावा. आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसतो तिथे पॅनेल. दोन्ही बाजूंना दोन-दोन, मागे दोन-तीन आणि कोपऱ्यांत चार इंची जाड, एवढं या खोलीला पुरे. अंड्यांचे ट्रे आणि स्वस्त फोम लावूच नका. बासवर त्यांचा परिणाम होत नाही आणि आग मात्र झटकन पकडतात.

अडवण्याच्या बाबतीत चिऱ्याची जाड भिंत आधीच तुमच्या बाजूने आहे. आवाज निसटतो तो दारातून आणि खिडकीतून. पोकळ दार काढून भरीव बसवा, चौकटीला रबर आणि खाली उंबऱ्याशी खाली उतरणारी पट्टी लावा. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. कुंपणापाशी फोनवरच्या मीटरने अंदाज घ्या. फ्लॅट असेल तर सबवूफरखाली (बासच्या स्पीकरखाली) जाड रबराचे पाय हवेतच, कारण बास स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो.

घट्ट बंद केलेल्या खोलीत दमटपणा आणि कोंदटपणा दोन्ही वाढतात. भिंतीवर आर्द्रतामापक लावा आणि आकडा ४५ ते ६० टक्क्यांत राखा. ६५ च्या वर सतत राहिला की प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशीचे धागे दिसू लागतात आणि ते पुसून जात नाहीत. एसी गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. तो खोली झटकन गार करून थांबतो आणि पाणी हवेतच राहतं. या मापाला दीड टनी इन्व्हर्टर एसी पुरतो, सोबत पावसाळ्यासाठी डीह्युमिडिफायर, आणि त्याची नळी थेट बाहेर. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, त्यामुळे चार-पाच माणसं बसली की तासाभरात डोकं जड होतं. चार इंची इनलाइन पंखा (नळीत बसणारा, हवा बदलणारा) खेळ चालू असताना लावा, संपल्यावर बंद करा. पावसाळ्यात एसी बंद केल्या केल्या दार सताड उघडू नका, बाहेरची दमट हवा थंड काचांवर पाणी होऊन बसते. किनाऱ्याजवळ एसीच्या बाहेरच्या युनिटच्या कॉइलला गंजरोधक थर असलेलंच मॉडेल निवडा. स्पीकर घेताना त्याच्या थरथरणाऱ्या शंकूची (कोन) कडा रबराची आहे ना बघा, फोमची या हवेत काही वर्षांत चुरगळते.

खुर्च्या रोज बसणाऱ्यांपुरत्याच ठेवा. गणेश चवथीला घर भरतं म्हणून दहांची सोय केली तर बाकी वर्षभर सगळे चुकीच्या जागी बसतात. रेक्झिनचे पापुद्रे निघतात, म्हणून जाड विणीचं सिंथेटिक कापड बरं.

जुळवणी सर्वांत शेवटी. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून साडेचार फुटांवर, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. बाजूचे कानाच्या किंचित मागे आणि दीड फूट वर. सबवूफरची जागा शोधायला तो तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवून बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास सगळ्यात सारखा ऐकू येतो तिथे तो कायमचा ठेवा. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ, जुळवणीसाठी आवाज मोजणारा मायक्रोफोन सोफ्यावर न ठेवता तिकाटण्यावर, मोजताना पंखा-एसी बंद. नंतर आवाज पातळ वाटला तर आधी लाल-काळ्या तारांची अदलाबदल तपासा.

दरवर्षी मेमध्ये एक दिवस राखून ठेवा: फिल्टर धुणं, सर्ज प्रोटेक्टरची खूण हिरवी आहे का बघणं, अर्थिंग मोजणं, दाराचं रबर बदलणं. जूनपासून काही बघायचं नसलं तरी आठवड्यातून दोनदा सगळी यंत्रं तासभर चालू ठेवा, त्यांच्या उबेने आतली ओल सुकते. घर बंद करून जाणार असाल तर सगळे प्लग काढा आणि भिंग सिलिका जेलसह झाकून ठेवा. सिलिकाचे निळे किंवा केशरी खडे रंग बदलतात, तेव्हा ते भाजून पुन्हा वापरता येतात.