टीएमजे इम्प्लांटचं एफईए: लाल ठिपक्याच्या मागे धावू नका

जबड्याच्या सांध्याच्या (टीएमजे) इम्प्लांटवर एफईएचा, म्हणजे कॉम्प्युटरवर मॉडेलचे बारीक तुकडे करून त्यातला स्ट्रेस काढायचा, प्रोजेक्ट घेतलेल्या नवीन लोकांसाठी लिहितेय. मेश (हेच ते तुकडे), मटेरियल, लोड हे येतच असणार, त्यात शिरत नाही. फक्त युनिट्स बघा, मिलीमीटर-न्यूटनमध्ये काम करत असाल तर टायटॅनियम अलॉयचा मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) 110 (गिगापास्कल) नाही, 110000 (मेगापास्कल) टाकायचा.

आता मेन गोष्ट. सॉल्व्ह झालं की बहुतेक वेळा रॅमसवरच्या (जबड्याच्या मागच्या उभ्या हाडावरच्या) वरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकाच्या कडेला लाल ठिपका दिसतो, बाजूला व्हॉन मिसेसचा (सगळ्या दिशांचा मिळून काढलेल्या एका स्ट्रेसचा) मोठा आकडा, आणि तोच थेट थिसिसमध्ये जातो. जाऊ देऊ नका! तिथली मेश निम्म्या साइझची करून परत रन करा. आकडा वाढला? परत निम्मी करा. परत वाढला आणि कुठे थांबायचं नावच घेत नसेल तर तो स्ट्रेस इम्प्लांटचा नाहीच, तो तुमच्या मॉडेलमधल्या धारदार कोपऱ्याचा आहे. आतल्या बाजूच्या शार्प कोपऱ्यात, किंवा स्क्रू आणि हाडाचा बाँडेड (चिकटवलेला) कॉन्टॅक्ट जिथे एकदम संपतो तिथे, लिनियर इलॅस्टिक गणितात स्ट्रेस अनंताकडेच जातो, म्हणजे मेश जेवढी बारीक तेवढा आकडा मोठा. मी नवीन असताना मला सगळे "अजून बारीक कर" एवढंच सांगायचे, आणि त्यात जे आठवडे गेले त्याचा अजून राग येतो.

मग करायचं काय? खऱ्या प्लेटला तिथे गोलाई असते, ती मॉडेल हलकं करायच्या नादात उडवू नका. हाडासाठी व्हॉन मिसेस सोडा, प्रिन्सिपल स्ट्रेन (मुख्य दिशांमध्ये हाड किती ताणलं-दाबलं गेलं ते) बघा. कडेपासून ठराविक अंतर धरा, सगळ्या डिझाइन्सना तेच अंतर, आणि कन्व्हर्जन्स (मेश बारीक केली तरी आकडा स्थिर राहणं) त्या जागेच्या व्हॅल्यूचा दाखवा. परीक्षकाने विचारलं की पीक का नाही दिला, तर हेच सांगा, बिनधास्त.

दुसरं, स्नायूंची बळं पेपरमधून जशीच्या तशी उचलू नका. ते आकडे बहुतेक नैसर्गिक सांध्याचे असतात. टोटल रिप्लेसमेंटमध्ये काँडाइल (जबड्याचं सांध्यातलं गोल टोक) काढतात तेव्हा त्याला जोडलेला लॅटरल टेरिगॉइड स्नायू सुटतो, त्या बाजूला त्याचं बळ लावणं चूकच. आणि सांधा व दात इथल्या रिअॅक्शन्सची (आधारांवर येणाऱ्या बळांची) व्हेक्टर बेरीज स्नायूंच्या एकूण बळाएवढी, उलट दिशेने, आली का ते प्रत्येक रनला बघा, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मते रंगीत चित्र बघून "छान" म्हणणाऱ्या गाइडपेक्षा "रिअॅक्शन किती आली?" विचारणारा सीनियर लाखमोलाचा. जमलं तर सर्जनसोबतही बसा, प्लेटमधलं प्रत्येक भोक ते भरतातच असं नाही, आणि रेडीमेड मॉडेलमध्ये बहुतेकदा सगळीच भरलेली असतात.

एका स्टॅटिक बाइटवरून (एकदाच चावल्याच्या लोडवरून) "इम्प्लांट सुरक्षित" असं तर कधीच लिहू नका. 1980 च्या दशकातले प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे इम्प्लांट सांध्यातल्या भाराखाली झिजले, त्यांचे कण सुटले, आजूबाजूचं हाड झिजत गेलं, 1990 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा काढावा लागला. माणसं वर्षानुवर्षं दुखणं काढत राहिली. अशी झीज तुमच्या एका लोड स्टेपमध्ये दिसणारच नाही.

बाकी काँडाइल-फोसा (ते टोक जिथे बसतं ती कवटीतली खोबण) कॉन्टॅक्ट पहिल्यांदा कन्व्हर्ज झाला नाही, म्हणजे सॉल्व्हरला उत्तरच सापडलं नाही, तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं. बहुतेक वेळा दोन्ही पार्ट्समध्ये बारीक गॅप राहिलेली असते आणि जबडा हवेत सुटतो. आधी गॅप बंद करा, पहिल्या स्टेपला फोर्सऐवजी छोटं डिस्प्लेसमेंट देऊन कॉन्टॅक्ट बसवा, मग स्नायू लावा.